तिसरीचं नाव

३ मार्च

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, रक्तदाब रोज लिहून ठेवा. कुबातने त्यासाठी ही जाडजूड वही आणून दिली. दाब मी लिहीन, आणि तो कुणामुळे चढला तेही लिहीन. नुसत्या आकड्यावरून डॉक्टरणीला काय कळणार?

आज चढलेला. कारण: माझा मुलगा कुबात. सकाळी इस्पितळातून फोन केला. आमच्याकडे आईला आपा म्हणतात. "आपा, झालं." मी म्हटलं, काय झालं? तर म्हणे, "सगळं व्यवस्थित आहे." तेवढ्यावरून मी ओळखलं. मुलगा असता तर तो ओरडला असता, आणि सबंध नारिन गावाला फोनशिवाय ऐकू गेलं असतं.

तिसरीही मुलगीच. मी काही ऊर बडवणाऱ्यातली नाही. पोर धडधाकट आहे, माझी सून मेरिम बरी आहे, देवाची कृपा. पण आता तरी नावाचा विचार डोकं ठिकाणावर ठेवून करायला हवा. पहिल्या दोघींच्या वेळी मी गप्प बसले. थोरलीचं बेगिमाय, धाकटीचं आयझिरेक. चंद्राची राणी आणि चंद्राचं कानातलं. आकाशात दुसरं काही नाहीच जणू! ज्या घरात चंद्राच्या नावाने पोरी जन्मतात तिथे पोरीच जन्मत राहणार. मुलगा हवा असेल तर नावानेच तसं सांगावं लागतं. हे कुणी पुस्तकात वाचलेलं नाही, माझ्या स्वतःच्या घरात घडलंय. माझ्या आईबापांना दोन मुली, तिसरी मी. माझं नाव ठेवलं बुरुल, म्हणजे आता वळ, पोरींकडून मुलाकडे वळ. आणि पुढचा माझा भाऊ सागिन झाला. आणखी काय पुरावा पाहिजे?

४ मार्च

नावं सुचवायला अख्खी गल्ली येऊन गेली. शेजारीण म्हणते, मिलाना ठेवा. मी म्हटलं, ती मिठाई आहे की मलम? तिच्या बहिणीने एका तुर्की मालिकेतल्या बाईचं नाव सांगितलं. ती बाई दुसऱ्या भागात नवऱ्याला विष घालते, मी पाहिलीय. आणखी एक म्हणाली आरूके. आरूके तर दर दोन घरांआड एक आहे. अंगणात उभं राहून हाक मारली की सहा पोरी धावत येतील, आणि आपली तेवढी येणार नाही.

मेरिमच्या मनात म्हणे तांसुलू आहे. पहाटेसारखी सुंदर! कुबातने मला हे दबकत दबकत सांगितलं. मी त्याला सरळ सांगितलं, एक तर त्यातला मधला आवाज नाकातून काढावा लागतो, आणि दाखला लिहिणाऱ्या कारकुनांना ते अक्षर लिहायचा कंटाळा, ते साधा न ठोकून देतात. मग पोरगी जन्मभर कचेऱ्यांत समजावत फिरणार. दुसरं, नाव इतकं लांब की हाक मारून होईपर्यंत पोर रस्ता ओलांडून पलीकडे. आणि तिसरं, नाक वाहतंय, गुडघे फुटलेत, आणि नाव काय तर पहाटेसारखी सुंदर. लोक हसतील.

"मग तुमच्या मनात काय आहे, आपा?" म्हणाला. मी म्हटलं, बुरुल. तो "हं" म्हणाला. हा "हं" त्याने बापाकडून घेतलाय. त्याचा अर्थ हो पण नाही आणि नाही पण नाही. तीस वर्षं मी त्या बापाच्या "हं"शी भांडले, आता मुलाच्याशी.

६ मार्च

मेरिम घरी आली. पोर छान आहे, केस भरपूर. झोपेत कपाळाला आठी घालते. ती आमच्याकडची.

दुपारच्या चहाला मी विषय काढला. मेरिम चहा ओतत होती. आमची सून तशी वागायला उत्तम, खोटं कशाला बोलू? मान खाली, आवाज खाली. मी म्हटलं, पोरीचं नाव बुरुल ठेवायचं. तिने कपात दूध घातलं, माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "आपा, तुमचं नाव मी तोंडाने कसं घेऊ? सुनेने सासूचं नाव घेऊ नये, तुम्हीच मला शिकवलंत. मग माझ्या पोरीला मी हाक कशी मारू?"

माझ्या हातातला बोरसोक, तळलेल्या पिठाचा तुकडा, हातातच राहिला.

लग्न होऊन आली तेव्हा मीच तिला बसवून सांगितलं होतं, सासरच्या मोठ्यांची नावं जिभेवर आणायची नाहीत. तिने ते इतकं पाळलं की ती शिकवते त्या बालवाडीत एक बुरुल नावाची मुलगी होती, तिला ही वर्षभर "लाल मोजेवाली" म्हणत होती. तेव्हा मी गावभर कौतुक सांगितलं. आता माझीच काठी माझ्या पाठीत. आणि वर तोंड असं भोळं की शेजारणीला वाटावं, काय गुणाची सून आहे!

दाब खूप चढलेला. कारण लिहायची गरज नाही.

८ मार्च

महिला दिन. कुबात घरातल्या सगळ्या बायकांना फुलं घेऊन आला. मला, मेरिमला, बेगिमायला, आयझिरेकला, आणि एक फूल पाळण्यातल्या बाळाच्या उशाशीसुद्धा. सबंध बादली भरली. फुलं देणं सोपं आहे. एक निर्णय घे म्हटलं की याच्या गाडीचं काहीतरी बिघडतं आणि तो खाली जाऊन आडवा होतो.

मी निर्णय घेतला. नाव उलबोलसुन. मुलगा होऊ दे. सरळ, स्पष्ट, वळणं नाहीत, लिहायला सोपं. आणि हे माझं नाव नाही, त्यामुळे सूनबाईंच्या जिभेला काही अडचण नाही. जेवताना मी हे जाहीर केलं. कुबात म्हणाला, "जशी तुमची मर्जी, आपा." मेरिमने केक कापला आणि सगळ्यांना दिला. स्वतः घेतला नाही.

लगेच सागिनला फोन लावला. बाळाच्या मेजवानीला येऊन कानात अजान द्यायची आणि नाव सांगायचं, हे काम घरातल्या मोठ्या पुरुषाचं. माझा नवरा नाही, तेव्हा मान सागिनचा. थोरल्या बहिणीला तो एजे म्हणतो. म्हणाला, "वा, एजे! शोभतं तुम्हाला. आपल्या घराण्याची चाल पुढे चालू ठेवलीत." बरं वाटलं. माझा भाऊ मोठा माणूस आहे, राजधानीत त्याच्या शब्दाला वजन आहे. त्याला शिकायला पाठवलं तेव्हा मी पावाच्या कारखान्यात लागले. भट्टीसमोर. मला कुणी जबरदस्ती केली नाही. कुणी विचारलंच नाही, तर जबरदस्ती कुठून होणार?

१० मार्च

पोरगी दिवसभर किरकिरतेय. नाव नसलेलं मूल असंच असतं.

मेरिम माझ्याशी नीट बोलते, वाढते, औषध आणून देते. एकही शब्द वाकडा नाही. याचाच मला संताप येतो. भांडायचं असेल तर भांड ना! आमच्या वेळी आम्ही भांडी तरी आपटायचो.

१२ मार्च

आज मी बोरसोक जाळले. आयुष्यात पहिल्यांदा. कारण: बेगिमाय.

मेजवानीसाठी मी तळत होते आणि ती पिठाचे तुकडे पाडत होती. नऊ वर्षांची आहे, हात चपळ. विचारायला लागली, माझ्या नावाचा अर्थ काय, आयझिरेकच्या नावाचा काय. सांगितलं. मग म्हणाली, "आणि बाळाच्या?"

"मुलगा होऊ दे."

ती पीठ कापत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "मोठी आपा, मग ते बाळाचं नाव नाहीच. ते पुढच्या बाळाचं नाव आहे. हिला नावच नाही ठेवलं तुम्ही."

मी तिला खडसावलं. म्हटलं, मोठ्यांच्या गोष्टीत तोंड घालायचं नाही, जा, कोंबड्यांना बघ. ती गेली. मी कढईकडे पाहत उभी राहिले आणि सगळा घाणा काळा झाला. शाळेत हल्ली उलट बोलायलाच शिकवतात. आमच्या वेळी मुलांना असे प्रश्न पडत नसत. मला तरी कधी पडला नाही.

काळे बोरसोक कुत्र्याला घातले. त्यानेही हुंगून सोडून दिले.

१३ मार्च

सागिन झाला तो दिवस मला चांगला आठवतो. मी चार वर्षांची होते. वडिलांनी मला उचलून घोड्यावर पुढ्यात बसवलं आणि गावातून फिरवलं. प्रत्येक दारात म्हातारे बाहेर यायचे, माझं कपाळ चुंबायचे. म्हणायचे, हिच्या पायगुणाने झाला! कुणीतरी माझ्या खिशात खडीसाखर कोंबली. एवढा मान आमच्या दोन्ही थोरल्या बहिणींना जन्मात मिळाला नाही. वाईट नावाच्या मुलीला असं कुणी घोड्यावरून मिरवेल का?

हे मी मेरिमला सांगितलं. ती म्हणाली, "आणि दुसऱ्या दिवशी, आपा?"

दुसऱ्या दिवसाचं काय? दुसऱ्या दिवशी घोडा चरायला सोडला. या पोरीला सगळ्या गोष्टींत खुसपट काढायची सवय आहे.

१५ मार्च

अखेर भांडण झालं. बरंच झालं.

मी पाळणा हलवत होते आणि तोंडातून सहज निघून गेलं, "झोप गं उलबोलसुन, झोप." मेरिम दारात उभी होती. ती आली, बाळ उचललं आणि म्हणाली, "त्या नावाने तिला हाक मारू नका."

"आवाज चढवतेस? माझ्या घरात?"

"चढवतेय. आमच्या बालवाडीत एक आहे या नावाची. तिच्या पाठीवर भाऊ झालाच नाही. घरचे तिला म्हणतात, तुझं नाव खोटं निघालं. पाच वर्षांची पोर आहे, आपा. कुणी रागावलं की ती आपणहून कोपऱ्यात जाऊन उभी राहते. न सांगता."

"त्यांचं खोटं निघालं असेल. माझं नाही निघालं!"

"नाही निघालं. खरं निघालं. मग तुम्हाला काय मिळालं?"

मी म्हटलं, मला भाऊ मिळाला. ती म्हणाली, भाऊ तुमच्या आईबापांना मिळाला, तुम्हाला भट्टी मिळाली. मी म्हटलं, त्या भट्टीच्या पावावर तुझा नवरा वाढलाय, तोंड सांभाळून बोल. ती रडायला लागली. मग बाळ रडायला लागलं. कुबात बाहेरून आला, दोघींकडे पाहिलं, "हं" म्हणाला आणि गाडीखाली गेला.

मी फावडं घेतलं आणि अंगणातला बर्फ उपसला. अंगणातला संपला तेव्हा शेजारणीच्या दारातला उपसला. ती खिडकीतून आभार मानत होती. मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आभार कसले मानतेस बाई, मला कुणाचा तरी गळा धरायचा होता आणि हाताला फावडं लागलं.

कालची आलेली सून मला विचारते, तुम्हाला काय मिळालं! मला काही मिळावं म्हणून मी जन्मले होते का?

दाब मोजला नाही. यंत्र फुटेल.

१९ मार्च

मेजवानी झाली. काय झालं ते नीट लिहिते, कारण उद्यापासून गाव आपल्या मनाने लिहिणार आहे.

माणसं पुष्कळ आली. लोणी, साय, पाव, कापडं, सगळं यथास्थित. सागिन आणि त्याची बायको दुपारी पोचले. त्याला वरच्या जागेवर बसवलं, मानाचं मेंढीचं डोकं त्याच्यापुढे ठेवलं. तो बोलायला उठला. प्रत्येक समारंभात बोलतो तेच बोलला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "या माझ्या एजे. या नसत्या तर मी नसतो. मी घर, तर या घराचा उंबरा! यांच्यावर पाय ठेवूनच मी जगात आलोय." सगळे हसले. हे ऐकून दर वेळी सगळ्यांच्या आधी मी हसते. आजही हसले. मग समोर बघितलं तर बेगिमाय हसत नव्हती. तशीच बघत होती माझ्याकडे.

मग बाळाला आणलं. सागिनने हातांवर घेतलं, अजान दिली. आवाज त्याचा अजून चांगला आहे, सगळे शांत झाले. अजान संपली. त्याने मान वर करून मला विचारलं, "तर मग एजे, नाव?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मेरिम भिंतीशी उभी होती, दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरून. मला फक्त एक शब्द उच्चारायचा होता. मीच ठरवलेला, मीच लावून धरलेला. तोंड उघडलं आणि शब्द आलाच नाही.

सागिन हसला. "एजे लाजल्या! मला माहीत आहे ना." आणि तो बाळाच्या कानाशी वाकला. "तुझं नाव..."

मी बाळ त्याच्या हातातून काढून घेतलं. काढून घेतलं हा सभ्य शब्द झाला. ओढलं. त्याची टोपी पडली.

"अहो एजे!"

"तिच्यावर पाय ठेवायचा नाही," मी म्हटलं. कुठून आलं कुणास ठाऊक! आवाज इतका मोठा होता की स्वयंपाकघरातल्या बायका दारात आल्या. "कुणीही नाही. कुणीही तिच्यावर पाय ठेवून येणार नाही. ज्याला यायचंय त्याने आपल्या पायांनी यावं, नाहीतर येऊ नये!"

सागिनची बायको पुटपुटली, दाब वाढला असेल. मी म्हटलं, हो, वाढलाय, पण तुझ्या नवऱ्यामुळे. कुबात उभा राहिला. मला वाटलं आता "हं" म्हणणार. तो म्हणाला, "मामा, नाव मेरिम सांगेल." पंधरवड्यात पोरगं पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोललं.

मेरिमने सांगितलं. तांसुलू. सागिनने टोपी उचलली, झटकली, आणि तोंड पाडून बाळाच्या कानात म्हणाला. साधा न लावून, घाईघाईत. मी म्हटलं, नीट म्हण. नाकातून काढ आवाज. तो परत म्हणाला. मी म्हटलं, अजून एकदा, ती जन्मभर हेच ऐकणार आहे. त्याने तिसऱ्यांदा बरोबर म्हटलं.

मग मी सगळ्यांना सांगितलं, बेशबार्माक गार होतोय, जेवा. जेवले. फुकटचा तमाशा बघून भूकही चांगली लागते.

२० मार्च

नाव अजूनही लांबच आहे. माझं मत बदललेलं नाही. लोकांसमोर मी तसं का केलं, मला विचारू नका. मेरिमने सकाळी माझा हात हातात घेतला आणि काहीतरी गोड बोलायला गेली. मी तिला म्हटलं, आधी ती भांडी घास, ढीग पडलाय. ती हसत हसत गेली. हसण्यासारखं काय होतं?

२३ मार्च

नव्या वर्षाच्या सणाची धांदल संपली आणि आज सागिनचा फोन आला. चार दिवस फुगून बसला होता.

"एजे, चारचौघांत माझी लाज काढलीत. माझं काय चुकलं ते तरी सांगा."

"तुझं काही चुकलं नाही. तू नुसता जन्मलास."

"मी तर तुमचे उपकार सगळीकडे सांगत फिरतो! आजवर एक समारंभ सोडला नाही."

"सांगतोस खरा. सागिन, तुझ्या मुलांना माझं नाव माहीत आहे?"

तो म्हणाला, "म्हणजे काय, एजे... ती सगळी तुम्हाला मोठी आपा म्हणतात."

"तुझ्या बायकोला?"

"ती कशी तुमचं नाव घेईल?"

"मग तू घे. आत्ता. एकदा मला नावाने हाक मार."

"काहीतरीच काय! मोठ्या बहिणीला नावाने हाक मारू? जीभ झडेल माझी. तुम्ही डॉक्टरांना दाखवा बरं."

मी फोन आपटला. तो बरोबर बोलत होता आणि तरी मला त्याचा भयंकर राग आला. मग स्वयंपाकघरात बसून मी आठवत राहिले, मला शेवटचं नावाने कुणी बोलावलं होतं. आईवडील गेले. बहिणी गेल्या. नवरा मला कुबातची आई म्हणायचा, आणि तोही गेला. कारखान्यात बुरुल, बुरुल चालायचं, तो बंद पडून आता तिथे गाड्या धुतात. इस्पितळात आडनाव पुकारतात. सून घेऊ शकत नाही, भाऊ घेऊ शकत नाही, मुलगा घेऊ शकत नाही, नातींना मी डोळे वटारून शिकवलंय. मुलगा होऊ दे म्हणून ठेवलेलं नाव होतं, मुलगा झाला, काम संपलं. आता ते घेणारं माणूस या जगात एक उरलेलं नाही.

मेरिम दोघी पोरींना घेऊन बाजारात गेली होती. घरात मी आणि पाळण्यातली. जागी होती, कपाळाला आठी घालून माझ्याकडे बघत होती. मी तिला उचललं. दार लावलंय ना ते पाहिलं. आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, तीनदा, नीट उच्चारून: "मी बुरुल. मी बुरुल. मी बुरुल."

हिला अजून काही रीतभात कळत नाही. वर्ष दीड वर्षात बोलायला लागेल. पहिल्यांदा तिला ते म्हणू दे, अंगणात, मोठ्याने, सगळ्यांसमोर. मी ओ देईन. रीत मग शिकवता येईल.